पूर्णकुंभाच्या आकाराचे भगदाड

चोराविषयी माणसाला वाटणारे आकर्षण ही मोठी नवलाची गोष्ट आहे. आपल्या घरी चोरी झाली तर आपण महिनाभर धड झोपत नाही. परंतु तोच चोर रंगभूमीवर किंवा कादंबरीच्या पानावर आला, नीटनेटका पोशाख करून गोड बोलू लागला आणि पाहता पाहता एखाद्या उमरावाच्या तिजोरीतील हिरे लांबवू लागला, की आपण पोलिसांच्या बाजूचे राहत नाही. तो सुटावा असे मनापासून वाटू लागते. इंग्रज लेखक हॉर्नंग यांनी १८९९ साली रॅफल्स नावाचा क्रिकेट खेळणारा सभ्य चोर पुस्तकरूपाने वाचकांपुढे आणला. गंमत अशी, की हे हॉर्नंग म्हणजे शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांचे मेहुणे. एकाच कुटुंबात एकाने चोर पकडणारा घडविला आणि दुसऱ्याने चोर. पुढे १९०५ साली फ्रान्समध्ये मोरिस लब्लां यांचा आर्सेन ल्युपँ अवतरला. माझा नातू हल्ली त्याच ल्युपँवरून बेतलेली मालिका मोबाइलवर पाहतो आणि जेवणाच्या ताटावर मला तिच्या युक्त्या सांगतो.

मी त्याला एकदा म्हटले, "बाळा, तुझ्या ल्युपँच्या कित्येक शतके आधी आपल्या उज्जयिनीत एक चोर होऊन गेला आहे. त्याने भिंत फोडण्यापूर्वी भगदाडाचा आकार कोणता असावा यावर विचार केला होता." त्याला ते खरे वाटले नाही. वाचकहो, आपल्यापैकी काहींनाही वाटणार नाही, म्हणून हा लेख.

हा चोर म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातील शर्विलक. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य गेले बँकेच्या नोकरीत, तेव्हा संस्कृत नाटकावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. परंतु ज्याचे बालपण सांगलीच्या परिसरात गेले, त्याला नाटकाचा थोडाबहुत संसर्ग होतोच. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी या नाटकाचे 'संगीत मृच्छकटिक' केले आणि ते मराठी माणसाच्या घराघरात पोहोचले. महाविद्यालयात असताना एका हौशी मंडळींचा प्रयोग पाहिला तेव्हा शर्विलकाची पहिली ओळख झाली. निवृत्तीनंतर मूळ नाटक मराठी अर्थासह सावकाश वाचले आणि मग लक्षात आले, की या दहा अंकी नाटकाचा पहिला अंकच आमच्या खात्याचा आहे. त्याचे नावच मुळी 'अलंकारन्यास', म्हणजे दागिन्यांची ठेव.

प्रसंग थोडक्यात असा. चारुदत्त हा जन्माने ब्राह्मण, व्यवसायाने सार्थवाह, म्हणजे तांड्यांचा व्यापारी. राहणार उज्जयिनीच्या श्रेष्ठिचत्वरात. आजच्या भाषेत सराफकट्ट्यावर म्हणा. दानधर्मात आणि मित्रांवर सारे वित्त संपलेले. वसंतसेना ही नगरातील धनाढ्य गणिका. ती राजाच्या मेहुण्याच्या, त्या शकाराच्या, त्रासाने त्याच्या घरी आश्रयाला येते आणि जाताना अंगावरचे दागिने त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून जाते. आपले घर ठेव ठेवण्याच्या योग्यतेचे राहिले नाही, असे तो संकोचाने सांगतो. त्यावर ती म्हणते की ठेव घर पाहून नव्हे, माणूस पाहून ठेवायची असते. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर सांगतो, ठेवीदाराच्या मनाचे याहून नेमके वर्णन मी कोणत्याही परिपत्रकात वाचले नाही.

आता तिसरा अंक, 'संधिच्छेद'. संधी म्हणजे भिंतीला पाडलेले भगदाड. रात्र बरीच झालेली. चारुदत्त आणि त्याचा मित्र मैत्रेय गाणे ऐकून परत येतात. चारुदत्त अजून त्या सुरांतच आहे. मैत्रेयाला झोप आली आहे. इतक्यात नोकर वर्धमानक ती दागिन्यांची पेटी मैत्रेयाच्या हाती देतो, कारण दिवसा ती त्याने सांभाळायची आणि रात्री मैत्रेयाने, असा नियम ठरलेला. मैत्रेय वैतागतो. आपली झोप चोरणाऱ्या या पेटीला नेणारा एकही चोर या उज्जयिनीत नसावा का, अशी त्याची तक्रार आहे. पेटी आत माजघरात ठेवावी म्हणतो, तर चारुदत्ताला गणिकेने अंगावर घातलेले दागिने कुलस्त्रियांच्या दालनात न्यायचे नाहीत. शेवटी मैत्रेय पेटी उराशी धरून आडवा होतो.

आणि शर्विलक येतो.

तो येतो तोच स्वतःशी बोलत. लोक या धंद्याला नीच म्हणतात, कारण तो झोपलेल्यांना फसवून केला जातो. पण हात जोडून कुणाची चाकरी करण्यापेक्षा स्वतंत्र धंदा बरा, असे त्याचे मत आहे. आणि पूर्वदाखला हवाच असेल, तर झोपलेल्या वीरांवर रात्री हल्ला करणाऱ्या अश्वत्थाम्याने ही वाट आधीच घालून दिली आहे! वकिलाने न्यायालयात निवाडे द्यावेत तसा तो महाभारताचा आधार देतो. मग भिंतीची पाहणी सुरू होते. कुठे रोज अर्घ्याचे पाणी पडून जमीन भुसभुशीत झाली आहे, कुठे लोणा लागला आहे, कुठे उंदरांनी माती उकरली आहे. उंदराने उकरलेली माती दिसली की त्याला शुभशकुन वाटतो. चोरांचे दैवत कार्तिकेय, त्याला नमस्कार. धंद्यातील पूर्वाचार्यांना नमस्कार. त्याच्या गुरूने त्याला एक लेप दिला आहे; तो अंगाला लावला की पहारेकऱ्याला दिसत नाही आणि शस्त्र लागत नाही.

त्यानंतर शास्त्र. भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीच्या गोळ्यांची भिंत असेल तर भिजवावी, लाकडी असेल तर चिरावी. येथे विटा भाजलेल्या आहेत. आता आकार कोणता? उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ, असे पर्याय त्याच्यापुढे आहेत. सकाळी शेजारीपाजारी भगदाड पाहायला जमतील, दोष काढतील, कौशल्याची वाखाणणीही करतील, याचे त्याला भान आहे. भाजलेल्या विटांच्या भिंतीत पूर्णकुंभ शोभून दिसतो, म्हणून तो पूर्णकुंभ पाडायला घेतो.

एवढी तयारी करून आलेला हा शास्त्रज्ञ मोजपट्टीची दोरी घरी विसरला आहे. थांबायचे कशाला? गळ्यात जानवे आहेच. तो चार वेद जाणणाऱ्या आणि कुणाचे दान न स्वीकारणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा. त्या जानव्याने भिंत मोजता येते, अंगावरचे दागिने सैल करता येतात, कडी काढता येते, आणि साप चावला तर बोट आवळून बांधता येते, अशी त्याची उपयुक्तता तो सांगतो. सांगून होते न होते तोच त्याला खरोखरच साप चावतो आणि बोट जानव्याने बांधावे लागते! प्रयोगात येथे प्रेक्षागृह कोसळते. मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

भोक पूर्ण झाल्यावर तो आधी माणसाच्या आकाराचे बाहुले आत सरकवतो. कुणी मारले नाही, म्हणजे धोका नाही. आत गेल्यावर बाहेर पडायचे दार आधी उघडून ठेवतो. जुने घर, दार करकरणार, म्हणून पाणी शिंपडतो, आणि ते पाणी जमिनीवर पडून आवाज करील की काय या काळजीने पुन्हा दचकतो. झोपलेले खरेच झोपले आहेत का हे श्वासाच्या लयीवरून आणि चेहऱ्याजवळ दिवा धरून तपासतो. मग आजूबाजूला पाहतो तर मृदंग, वीणा, बासऱ्या, पुस्तके. हे काय नृत्यशिक्षकाचे घर आहे? की पैसा जमिनीत पुरून गरिबीचे सोंग घेतले आहे? त्यासाठीही शास्त्रात चाचणी आहे: मंतरलेले बी जमिनीवर टाकावे; खाली धन असेल तर ते फुगते. बी फुगत नाही. हा माणूस खरोखरच दरिद्री आहे असे पाहून शर्विलक निघायला लागतो.

म्हणजे चोरी झालीच नसती. पण मैत्रेय झोपेत बरळू लागतो. त्याला स्वप्नात भगदाडही दिसते आणि चोरही दिसतो. मित्रा, ही पेटी तूच घे बाबा, गाय-ब्राह्मणाची शपथ आहे तुला, असे तो चारुदत्त समजून सांगतो. शपथ मोडायची कशी? शर्विलक एक किडा सोडून दिवा विझवतो आणि पेटी घेतो. मैत्रेय सुटकेचा श्वास टाकतो. आपला सगळा माल विकून झालेल्या वाण्याप्रमाणे आपण आता सुखाने झोपू, असे त्याला वाटते. दिवाळीला पाडव्याच्या आदल्या रात्री गोदाम मोकळे झालेल्या आमच्या वाचकांना ही झोप ठाऊक असेल.

ताब्यातील वस्तूंची जबाबदारी हा माझ्या नोकरीतला रोजचा विषय, म्हणून हा प्रसंग मी लेखापरीक्षकाच्या नजरेनेही वाचतो. ठेवीची पावती नाही. दागिन्यांची यादी नाही, वजन नाही. दिवसपाळी आणि रात्रपाळी ठरलेली, पण दोघांचा एकत्रित ताबा नाही. बँकेत लॉकर उघडायला एक चावी बँकेची आणि एक ग्राहकाची लागते. रोकड ठेवायच्या तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्या लागतात. त्याचे कारण मैत्रेय आहे. एकट्या माणसाच्या उशाशी ठेवलेली पेटी त्याच्या स्वप्नात जाते. आणि शर्विलकाविषयी म्हणाल, तर १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या करणारे ४४५ वे कलम होते. त्यात आत शिरण्याचे सहा प्रकार सांगितले होते आणि पहिलाच प्रकार स्वतः पाडलेल्या वाटेने शिरण्याचा होता. जणू शर्विलकाला समोर उभा करूनच लिहिला असावा.

इथपर्यंत मौज आहे. पुढे जे घडते त्यामुळे हे नाटक मला रॅफल्स आणि ल्युपँ यांच्यापेक्षा फार वरचे वाटते. त्या गोष्टींत चोरी झाली की आपण चोराबरोबर घराबाहेर पडतो. शूद्रक आपल्याला घरात ठेवतो.

दासी रदनिका जागी होते, आरडाओरडा होतो. चारुदत्त उठतो, भगदाड पाहतो आणि त्याची पहिली प्रतिक्रिया कलावंताची होते: किती सुंदर काम आहे! दुसरी त्याहून विलक्षण. एवढे कष्ट करून आलेला चोर रिकाम्या हाताने गेला, आता तो मित्रांना काय सांगेल, या विचाराने तो हळहळतो. मग पेटी गेल्याचे कळते आणि त्याला बरेच वाटते, की निदान तो निराश होऊन गेला नाही. ती पेटी ठेवीची होती, हे मैत्रेय आठवण करून देतो तेव्हा मात्र हा माणूस मूर्च्छित होऊन पडतो.

का? पैसे गेले म्हणून नव्हे. चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवील, म्हणून. दरिद्री माणसावर संशय घेणे सोपे असते. मैत्रेय व्यवहारी तोड काढतो: कुणी दिले, कुणी घेतले, साक्षीदार कोण? सरळ नाकारावे. चारुदत्त म्हणतो, भीक मागून परतफेड करीन, खोटे बोलणार नाही.

येथे कायद्याची बाजू पाहण्यासारखी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत स्पष्ट म्हटले आहे, की राजाने नेलेली, दैवी आपत्तीत नष्ट झालेली किंवा चोरांनी नेलेली ठेव भरून देण्याचे बंधन ठेव सांभाळणाऱ्यावर नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे १५१ आणि १५२ हे कलम एकत्र वाचले तर अर्थ साधारण तोच: सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली असेल, तर वस्तू गेल्याचा दोष त्याच्यावर येत नाही. लॉकरच्या बाबतीत बँकाही बराच काळ याच आडोशाला उभ्या होत्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कान टोचल्यावर रिझर्व्ह बँकेने नियम केले आणि १ जानेवारी २०२२ पासून चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आली. शंभर पट ऐकायला पुष्कळ वाटते. एका मंगळसूत्राचा आजचा भाव धरून हिशेब करून पाहावा. असो. सांगायचे एवढेच, की चारुदत्ताला कायद्याने एक गुंजही देणे लागत नव्हते.

आमच्या घरी हे प्रकरण मी दहा वर्षांचा असताना घडले. १९६९ च्या श्रावणात. वारणाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावी आमचे किराणा आणि भुसार मालाचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. भिंती पांढऱ्या मातीच्या. आठ दिवस पावसाची झड लागली होती. एका पहाटे आई चूल पेटवायला उठली तेव्हा मागच्या खोलीत वारा येत होता. भिंत फोडून कुणीतरी पत्र्याची ट्रंक नेली होती. ते भगदाड माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे. त्याला कसलाही आकार नव्हता. कुत्रे आत यावे एवढे बीळ, आणि त्यातून आत वाहत आलेला चिखल.

त्या ट्रंकेत आमचे फारसे नव्हते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सावकारी करीत नसत. पण परगावी जाताना माणसे त्यांच्याकडे डबोले ठेवून जात. लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या गल्लीतल्या एका विधवा आजींची पुतळ्यांची माळ त्या ट्रंकेत होती, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. पावती नव्हती. अण्णांनी ती गाठ कधी सोडून पाहिली नव्हती. पंचनामा झाला आणि पुढे काही झाले नाही. पेठेतल्या एका वडीलधाऱ्यांनी ओसरीवर बसून अण्णांना समजावले, "आमचंही गेलं, तुझंही गेलं, असं सांगायचं. तुझा काय दोष?" हे खोटे नव्हते. मैत्रेयाच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी सभ्य होते.

पंधरा दिवसांनी आजी आल्या. दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, माझं डबोलं द्या की." अण्णांनी सारे सांगितले आणि विचारले, "पुतळ्या किती होत्या, आक्का?" "बावीस," त्या म्हणाल्या. अण्णांनी पुन्हा विचारले नाही.

त्या दुपारी आईने पाटल्या काढल्या. लग्नात घातल्यापासून त्या हातातून निघाल्या नव्हत्या. साबणाचे पाणी लावून, हात लाल होईपर्यंत ओढून काढाव्या लागल्या. मनगटावर पांढरे वळ होते. अण्णा जेवायला बसले तेव्हा तिने त्या ताटाशेजारी ठेवल्या आणि आमटी वाढली. त्यावर बोलणे झालेले मला आठवत नाही. सोनाराकडे बावीस पुतळ्या घडल्या. आठवड्याने आजी परत आल्या, त्यातल्या दोन पुतळ्या काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "थोरलीच्या लग्नात दोन मोडल्या हुत्या, इसरलेच बघा." अण्णांनी त्या घेतल्या आणि वहीत जमा लिहिल्या.

म्हणून नाटकातली धूता मला पुस्तकातली बाई वाटत नाही. चारुदत्ताची ही पत्नी. पतीला इजा झाली नाही ना, हे आधी विचारते, आणि मग शरीराला इजा झाली असती तरी चालले असते, पण आता नावाला लागणार, अशी तिला चिंता पडते. माहेरची एक रत्नमाला तिच्याकडे उरली आहे. सरळ दिली तर नवरा घेणार नाही, म्हणून एका व्रताचे दान असे निमित्त करून ती मैत्रेयाच्या हाती देते. चारुदत्त ती वसंतसेनेकडे पाठवतो आणि निरोप देतो, की तुझे दागिने मी आपलेच समजून जुगारात हरलो, त्याबदली ही माला घे. चोरीची बातमी कुणाला पटणार नाही, पण जुगाराची पटेल, असा त्याचा हिशेब! खोटे बोलणार नाही म्हणणारा माणूस बोलतो तेही स्वतःच्या अपकीर्तीचे. दागिन्याच्या कित्येक पट मोलाची वस्तू देऊन वर जुगाऱ्याचे नाव घेणे, हे व्यापारी बुद्धीला पटणारे नाही. पण बाजारात पत म्हणजे काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते कळेल.

इकडे शर्विलकाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. त्याने चोरी केली ती पोटासाठी नव्हे. वसंतसेनेची दासी मदनिका हिच्यावर त्याचे प्रेम आहे आणि तिला पैसे भरून सोडवायचे आहे. तो तेच दागिने घेऊन थेट वसंतसेनेच्याच घरी येतो! मदनिका पेटी पाहताच ओळखते. तिचा पहिला प्रश्न असा असतो, की त्या घरात कुणाला मारले किंवा जखमी केले नाहीस ना. मगच ती दागिन्यांचा विचार करते. आपण चारुदत्ताकडून आलो असे सांगून हे दागिने मालकिणीला परत करावेत, असे ती सुचवते. म्हणजे चोर चोर राहत नाही, चारुदत्त ऋणातून सुटतो आणि वसंतसेनेला तिचे दागिने मिळतात. एका वाक्यात तिन्ही खाती जुळवणारी अशी बुद्धी मी बँकेत फार थोड्यांत पाहिली. वसंतसेना खिडकीआडून सारे ऐकत असते. ती चेहऱ्यावर काही न दाखवता दागिने घेते आणि चारुदत्ताने हे दागिने आणणाऱ्याला मदनिका द्यावी असे सांगून ठेवले आहे, अशी थाप मारून दोघांचे लग्न लावून देते.

आपल्या कथांतही या जातीचे चोर आहेत, हे वाचकांना केव्हाच आठवले असेल. पाठशाळेत ऐकलेला अंजनचोर डोळ्यांत अंजन घालून अदृश्य होई आणि गणिकेसाठी राणीचा हार चोरी. शर्विलकाच्या लेपाशी त्याचे नाते उघड आहे. आणि राजगृहाचा रौहिणेय तर अस्सल विनोदी कथेचा नायक. मरताना बापाने शपथ घातलेली, की महावीरांचा शब्द कानी पडू द्यायचा नाही. तो कानांवर हात ठेवून समवसरणाजवळून पळतो, पायात काटा रुततो, काढायला हात सोडावे लागतात आणि तेवढ्यात देवांची लक्षणे कानी पडतात: पाय भूमीला टेकत नाहीत, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, घाम येत नाही. पुढे अभयकुमार त्याला मद्य पाजून खोट्या स्वर्गात ठेवतो आणि पूर्वजन्मीची पापे विचारतो. चोर पाहतो तर अप्सरांच्या पापण्या लवताहेत आणि कपाळावर घाम! तो आपली फक्त पुण्ये सांगतो आणि सुटतो. बाराव्या शतकात रामभद्रमुनींनी या कथेवर 'प्रबुद्धरौहिणेय' हे सहा अंकी नाटक लिहिले. एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. रौहिणेय शेवटी श्रेणिक राजाला लुटीची जागा दाखवतो आणि ज्याचे त्याला परत मिळते. केवळ पश्चात्ताप झाला आणि माल गेला तो गेला, असे ती कथा होऊ देत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरीचा माल घेणे आणि खोटी मापे हे दोन्ही एकाच ओळीत बसवले आहेत. भगदाड पाडणाऱ्याला आणि तागडीला बोट लावणाऱ्याला शेजारी बसवणारी ही यादी आमच्या अण्णांना फार आवडे.

१९८४ साली गिरीश कर्नाडांनी या नाटकावर 'उत्सव' चित्रपट काढला. शंकर नाग यांनी त्यात चोराचे काम केले. त्याचे नाव तेथे सज्जल होते, कारण भासाच्या नावावरील 'चारुदत्त' नाटकात शर्विलकाला सज्जलक म्हटले आहे. चित्रपट सहकुटुंब पाहण्यासारखा नाही, एवढे सांगून ठेवतो. नाटक मात्र वाचण्यासारखे आहे, आणि मोठ्याने वाचण्यासारखे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मी ते आईला वाचून दाखवले. तेव्हा ती ८३ वर्षांची होती. नजर कमी झाली होती, कान तल्लख होते. रोज दुपारी सामायिक आटोपले की अर्धा तास. मैत्रेयाच्या बरळण्याला ती खुदकन हसली. शर्विलकाचे बोलणे तिला फार लांबलेले वाटले, "एवढं बोलतोय तर घरातली उठत कशी नाहीत?" असे तिने विचारले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. धूतेने रत्नमाला काढून दिली तो भाग वाचताना मी जरा थांबलो. पाटल्यांचा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. तिने एवढेच विचारले, "किती पदरी होती?" ते नाटकात दिलेले नाही, असे मी सांगितले.

सहाव्या अंकात वसंतसेना ती रत्नमाला धूतेकडे परत पाठवते, मोठ्या बहिणीचे नाते जोडून. धूता नाकारते. पतीने ती तुला दिली आहे, तेव्हा मी घेणे बरे नव्हे. माझा दागिना म्हणजे माझा पती, असा तिचा निरोप येतो. टीकाकारांनी या उत्तराची फार वाखाणणी केली आहे. मीही जरा गहिवरून वाचले असावे.

आई काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दिली ते बरोबर केलं. पण परत आली तर घ्यायला काय झालं होतं? पुढं घरात सून यायची होती की."

चारुदत्ताचा मुलगा रोहसेन तेव्हा जेमतेम मातीच्या गाडीशी खेळण्याच्या वयाचा होता, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. तिने ते मानले नाही.